धारवाडला जाण्याआधी वही भरा

आमच्या बेळगावात कुणाचं डोकं फिरलंय असं म्हणायचं असेल तर म्हणतात, "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे." तिथला मनोरुग्णांचा दवाखाना जुना, त्यामुळे गावाचं नावच टोमणा होऊन बसलंय. छत्तिसाव्या वर्षी मी ऑटिझमची तपासणी करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, "धारवाडला? कशाला गे? लोक काय म्हणतील?" तुमच्याही घरी हे ऐकावं लागेल. त्याची तयारी ठेवा, आणि त्याच आईला शेजारी बसवून कामाला लागा.

कारण ऑटिझम, म्हणजे लोकांत मिसळणं, बोलण्यातला रोख ओळखणं, आवाज सोसणं अवघड जाणं, हा मोठेपणी जडत नाही. मेंदूची घडणच लहानपणापासून वेगळी असते, काहींच्या बाबतीत ती मोठेपणीच लक्षात येते. म्हणून डॉक्टर सगळ्यात जास्त खोदून विचारतात ते बालपणाबद्दल. आईवडील, मावशी, थोरला भाऊ, ज्यांना आठवतं त्यांना आत्ताच विचारा.

मी एक वही केली. आईनं सांगितलं, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजायला लागले की मी कोठीच्या खोलीत तांदळाच्या डब्याला पाठ लावून बसायची. बाकीच्या मुली चिंचोक्यांनी खेळायच्या, मी ते आकारानं लावत बसायची; कुणी हात लावला की जेवायची नाही. ट्रंकेत तिसरीचं प्रगतिपुस्तक सापडलं. बाईंनी शेरा लिहिला होता, 'हुशार आहे, मुलींत मिसळत नाही.' त्याची झेरॉक्स वहीत चिकटवली.

आत्ताचेही प्रसंग लिहा, 'मला लोकांत जमत नाही' असं मोघम नको. पतसंस्थेत साहेब म्हणाले, "बघू नंतर," आणि मी चार वाजेपर्यंत जागेवरून उठले नाही, कारण नंतर म्हणजे कधी ते मला उमगलं नाही. वडगावात यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर चालतो, त्याचं मला काही वाटत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी मात्र दातांत शिरते. असं लिहा.

नेटवर ऑटिझमची लक्षणं किती आहेत ते स्वतःच बघायची पन्नास प्रश्नांची एक्यू चाचणी मिळते. ती भरून बघा, पण ते निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, प्रत्यक्ष बोलून. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले ते दहा मिनिटांत म्हणाले, "लग्न झालंय, नोकरी करता, मग कसला ऑटिझम?" मी रडत घरी आले. तुमच्या बाबतीत असं झालं तर दुसरीकडे जा. जाण्याआधी फोन करून विचारा: मोठ्या माणसांची ऑटिझमची तपासणी करता का, कोण करतं, किती भेटी लागतात, खर्च किती. आपल्याकडून धारवाडचं डिमहान्स (तोच जुना मनोरुग्णांचा दवाखाना) पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर, बेंगळुरूचं निम्हान्स हे मानसिक आरोग्याचं मोठं इस्पितळ लांब, दोन्ही सरकारी. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला भाडं पडत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा.

भाषेचं आधीच बोलून घ्या. कानडी मला बाजारापुरतं येतं, मनातलं मराठीतच निघतं. "ही वही मराठीत आहे, मी वाचून सांगते, सोबत भाऊ आहे," असं मी दारातच सांगितलं. चिंता, ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) यांचीही चौकशी होते. त्याला घाबरू नका, ते बरोबरच आहे. ऑटिझमवर औषध नाही. झोप किंवा चिंता यांसाठी देतात.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी वाट. 2016 च्या कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मिळू शकतं, पण ते घ्यायलाच हवं असं नाही. मी अजून घेतलेलं नाही.

लोकांचं काय? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. सांगायचं कुणाला ते तुम्ही ठरवा. मी नवऱ्याला आणि भावाला रिपोर्ट दाखवला. जाऊबाईंना एवढंच म्हटलं, "वहिनी, शिट्टीचा मला फार त्रास होतो, कुकर लावताना हाक मारा." त्या मारतात. फार जड झालं तर 14416 वर टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन-सेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता मी चारलाच जाते. सतरंजी घालायला मदत करते, वाण घेते आणि बायकांची गर्दी व्हायच्या आत घरी येते.