जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नवा १४४०पी मॉनिटर: या चुका टाळा

सेल लागला की २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेलचा) मॉनिटर मागवायचा आणि घरातल्या एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स १०६० कार्डाला जोडायचा, सिडको असो नाहीतर गंगापूर रोड, नाशकात ही स्टोरी सगळीकडे सेम आहे. मग दोन दिवसांनी ओरड सुरू, कार्ड गेलं, मॉनिटर डिफेक्टिव्ह आला. अहो बऱ्याचदा दोन्ही धडधाकट असतात.

आधी एक समजून घ्या, डेस्कटॉप दाखवणं वेगळं आणि गेम चालवणं वेगळं. विंडोज, यूट्यूब, एक्सेल १४४०पी वर दाखवायला १०६० ला काहीच जड जात नाही, पण गेममध्ये प्रत्येक फ्रेम त्याला स्वतः रंगवावी लागते. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि फोरके म्हणजे ८३ लाख, १०८०पी च्या थेट चौपट! म्हणून जुन्या कार्डावर गेमिंगसाठी फोरके घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत. काही जण म्हणतात फोरके घेतो आणि गेम १०८०पी वर लावतो, एकाचे चार पिक्सेल बरोबर बसतात. हिशोब बरोबर आहे हो, पण तसं नेमकं बसवणारं इंटिजर स्केलिंग एनव्हिडियाने ट्युरिंग (१०६० नंतरची पिढी) आणि पुढच्या कार्डांनाच दिलंय, १०६० ला नाही, त्यामुळे चित्र पुसटच दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ वायरीत. एमजी रोडला एका दुकानात माझ्यासमोर एका काकांना सांगितलं, "कोणतीही एचडीएमआय चालते, बिनधास्त न्या." नाही चालत! जीटीएक्स ७५० टीआय सारख्या कार्डाला एचडीएमआय १.४ आहे, त्यावर फोरके फक्त ३० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ३० वेळा चित्र बदलतं) चालतं आणि माउस अक्षरशः ओढल्यासारखा फिरतो. ९६०, ९७० पासून २.० आलं, तिथे १४४०पी ला १४४ हर्ट्झ मिळू शकतं, पण मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टलाच लिमिट असेल तर कार्ड काय करणार, म्हणून डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा दुसरा पोर्ट) असेल तर तोच वापरा. वायर मदरबोर्डच्या पोर्टात नाही ना, हे पण बघा, हसू नका, होतं असं. आणि विंडोज बरेचदा स्वतःहून ६० हर्ट्झवरच बसतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन १४४ निवडावं लागतं, कित्येक जण वर्षभर ६० वरच खेळत असतात.

कार्डाला नुसतं एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर स्वस्तातला कन्व्हर्टर घेऊ नका. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय साध्या कन्व्हर्टरने निघतं, उलट्या दिशेला मात्र पॉवर लागणारा ॲक्टिव्हच पाहिजे.

आता हा प्रकार बघा: पीसी चालू केला की स्क्रीन काळी, बायोस (विंडोजच्या आधी येणारी स्क्रीन) दिसत नाही, थेट विंडोज आल्यावरच चित्र येतं. ९०० आणि १००० सिरीजच्या कार्डांना डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरबरोबर हे होतं आणि त्यासाठी एनव्हिडियाचं फर्मवेअर अपडेट टूल आहे. ते टाकेपर्यंत एचडीएमआय लावून काम चालवा. पीसी बंद असतानाही कार्डाचा लाइट जळतोय किंवा चालू करताना नाटकं होतायत, तर डिस्प्लेपोर्ट वायरीची २० नंबरची पिन तपासा. काही फालतू वायरींमध्ये ती जोडलेली असते आणि मॉनिटरकडून उलटा करंट येतो.

गेममध्ये रिझोल्युशन १०८०पी करणं ही पण चूकच, १४४०पी पॅनलवर ते नीट बसत नाही, अक्षरं फिकी पडतात. रिझोल्युशन १४४०पी च ठेवा आणि गेममध्ये एफएसआर २ (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करणारी सोय) असेल तर क्वालिटीवर लावा, आतून साधारण १७०७ बाय ९६० रंगवलं जातं पण मेनू आणि अक्षरं धारदार राहतात. एनव्हिडियाच्या तशाच डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागतं, एफएसआर १०६० वर पण पळतं. टेक्श्चर मीडियमवर आणा, ४ जीबीवाल्यांनी तर नक्कीच, मेमरी भरली की गेम झटके देतो. फ्रेम ६० ला कॅप करा, एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत कार्ड सतत फुल लोडवर तापवण्यात काय मजा आहे?

फ्रीसिंकवाला (कार्डाच्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा हर्ट्झ बदलणारा) मॉनिटर असेल तर एनव्हिडियाने २०१९ च्या जानेवारीपासून १००० सिरीज आणि पुढच्या कार्डांना तो डिस्प्लेपोर्टवरून चालवून दिला, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जीसिंक (त्याच सोयीचं एनव्हिडियाचं नाव) ऑन करा. ९७० वाल्यांना मात्र नाही.

अजून एक, मॅक्सवेल (७५० टीआय, ९०० सिरीज) आणि पास्कल (१००० सिरीज) कार्डांचे नव्या गेमसाठीचे गेम रेडी ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरला संपले, सिक्युरिटी अपडेट २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येतील. त्यामुळे उद्या एखादा नवा गेम अडला तर मॉनिटर परत करायला धावू नका, तो पुढच्या कार्डालाही चालणार आहे.