पुराच्या पाण्यातून निघालेली सायकल: या चुका टाळा

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ओसरलं की कारेलीबाग, समा, फत्तेगंज, अकोटा, सगळीकडे एकच दृश्य दिसतं. लोक सायकली अंगणात काढतात, नळी लावून धुतात, फडक्याने पुसतात, चेनवर थोडं तेल सोडतात आणि मुलाला सांगतात, "जा, चालवून बघ." आठ-दहा दिवसांनी तीच सायकल आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीशी येते. पॅडल कुरकुरत असतं, चाक जड फिरत असतं, आणि प्रश्न ठरलेला असतो: "काका, पुरानंतर स्वतः स्वच्छ धुतली होती, मग असं कसं झालं?"

जुलै २०१९ मध्ये बडोद्यात एका दिवसात साधारण २० इंच पाऊस पडला, तेव्हा हेच पाहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हाही हेच. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

बाहेरून कोरडी म्हणजे आतून कोरडी नव्हे

सर्वांत जास्त सायकली या एका समजुतीने मारल्या आहेत.

सायकलची फ्रेम पोकळ नळ्यांची असते. सीटच्या नळीतून पाणी आत शिरतं आणि सगळं खाली, पॅडलचा एक्सल जिथे बसतो त्या बीबीच्या डब्यात जमतं. तिथून बाहेर पडायला त्याला सहसा वाट नसते. विश्वामित्रीचा गाळ काळा, चिकट आणि अगदी बारीक असतो. तो एक्सलवरचा कोन आणि समोरचा कप यांच्या फटीतून थेट त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या पोलादी छर्‍यांपर्यंत पोचतो. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की ते ताकासारखं पांढरट होतं, आणि असलं ग्रीस लोखंडाला वाचवत नाही. आठवडाभरात छर्‍यांवर गंजाचे ठिपके पडतात. त्यानंतर चालवाल तितकी कपाची खोबण खरवडत जाते. वेळीच उघडली असती तर छर्‍यांवर आणि ग्रीसवर भागलं असतं. आता एक्सल, दोन्ही कप आणि मजुरी, सगळंच आलं.

२०२४ च्या पुरानंतर पहाटे पेपर टाकणारा एक मुलगा आला होता. सोसायटीतल्या कुणीतरी प्रेमाने त्याची सायकल गाड्या धुण्याच्या प्रेशरच्या पाण्याने लखलखीत करून दिली होती. रिम चमकत होती, फ्रेमवर डाग नव्हता. मुलाचा गुडघा मात्र फुटलेला आणि तळहात सोलपटलेला. पुलाच्या चढावर तो पॅडलवर उभा राहिला, पॅडल एकदम मोकळं फिरलं आणि तो दांड्यावर आदळून रस्त्यावर पडला. मी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावर चेन बसते ते दातेरी चक्र, उघडलं. आतले दोन खटके गाळात रुतून आडवे चिकटले होते आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा गंजल्या होत्या. खटका उठून दात पकडतो, तेव्हाच पॅडलचा जोर चाकाला मिळतो. तो उठलाच नाही. प्रेशरच्या पाण्याने वरचा चिखल धुतला आणि बारीक गाळ आणखी आत ढकलला. त्या वेळी मागून बस असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पाण्यात बुडालेली सायकल आधी बादलीभर साध्या पाण्याने, हाताने, हळू धुवायची. सीट आणि सीटचा दांडा काढून फ्रेम उलटी टांगायची. किती पाणी निथळतं ते एकदा डोळ्यांनी बघा, पुन्हा कधी शंका घेणार नाही. मग दोन्ही चाकांचे हब (चाकाचा मधला भाग), बीबी आणि हँडलखालच्या रेसा (हँडल फिरतं त्या छर्र्यांच्या वाट्या) उघडायच्या. सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन कोरडे पुसायचे. छर्रे मी कधीच परत वापरत नाही. साध्या काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना दहा-दहा, मागे पाव इंची नऊ-नऊ आणि बीबीत अकरा-अकरा छर्रे बसतात. सगळे नवे घेतले तरी फार खर्च नाही. जुने छर्रे "दिसतायत तर चांगले" म्हणून परत भरा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही, सायकल तशीच परत देतो.

आणि ते गंजावरचे स्प्रे! अडकलेला नट सोडवायला उत्तम. पण हबमध्ये स्प्रे मारून काम झालं असं समजू नका. तो उरलंसुरलं ग्रीसही पातळ करून वाहून नेतो. दोन मिनिटांत चाक हलकं फिरतं म्हणून घाईतल्या माणसाला तो आवडतो. महिन्याने तेच चाक माझ्याकडे असतं.

घाईने दुकान रिकामं करणं

पाणी उतरल्यावर मदतीला मुलं धावून येतात. गणेश मंडळातली, कॉलेजमधली, शेजारची. त्यांच्याशिवाय कुठलंही छोटं दुकान उभं राहिलं नसतं, हे मी मनापासून म्हणतो. पण त्यांच्या हातात फावडं देण्याआधी कुणीतरी जाणत्या माणसाने दारात उभं राहायला हवं.

आमच्या ओळखीच्या एका दुकानात हे झालं नाही. मालक घरचं पाणी उपसण्यात अडकलेले, मुलं उत्साहाने भिडली आणि दुपारपर्यंत दुकान आरशासारखं. चिखलाने माखलेलं सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर गेलं. त्यात दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या सायकलीही गेल्या. कारण त्यांच्या कागदी चिठ्ठ्या पाण्यात विरघळल्या होत्या आणि कुणाची कुठली ते कुणालाच कळेना. एका आजोबांची जुनी रॅले सायकल त्यातच होती, वडिलांच्या काळातली. त्यांनी फ्रेम नंबर घरी लिहून ठेवला होता, म्हणून दोन भंगारवाले पालथे घालून ती सापडली. बाकीच्या मिळाल्या नाहीत. विम्याचा माणूस आला तेव्हा दाखवायला मालही नव्हता आणि फोटोही नव्हते.

झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, रॅकमधला माल, यंत्रं, प्रत्येक सायकल. खराब माल सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एका कोपऱ्यात राहू द्या, वास आला तरी. पॉलिसीत पूर आणि पाणी भरणं धरलेलं आहे का, हे पावसाळ्याआधी वाचायचं असतं. आगीचा विमा आहे म्हणजे पुराचाही आहे, असं धरून चालू नका. दुरुस्तीला येणाऱ्या सायकलीवर कागदी चिठ्ठी बांधणं बंद करा. आमच्याकडे पत्र्याच्या बिल्ल्यावर ऑइलपेंटने नंबर असतो. फ्रेम नंबर वहीत लिहितो आणि वहीच्या पानाचा फोटो रोज रात्री घरच्या फोनवर जातो. उधारीची वही भिजली असेल तर ती उन्हात टाकू नका, पानं चिकटून वीट होते. पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा.

काही चुका थोडक्यात, पण हलक्या समजू नका

बुडालेल्या ई-सायकलची बॅटरी चार्जिंगला लावणं. हे अजिबात करू नका. लिथियम बॅटरीत पाणी गेलं की आत शॉर्ट होतं आणि काही दिवसांनीही ती पेटू शकते. घराबाहेर, उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि कंपनीला कळवा. "सुकली आहे, बघू चालते का" म्हणणाऱ्याच्या घरात मुलं झोपलेली असतात.

पाण्यात बुडालेला हवेचा कंप्रेसर तसाच चालवून बघणं. आधी मेन स्विच बंद करा, मोटार इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि टाकीतलं पाणी खालच्या कॉकमधून काढा.

ब्रेकच्या केबलला तेल घालून चालवणं. बुडालेली केबल बदलायची, आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही.

दुकानातल्या नव्या ट्यूबा ओल्या खोक्यातच ठेवणं. धुवा, सावलीत वाळवा, शंखजिऱ्याची पूड लावा, बहुतेक वाचतात. भिजलेली छर्‍यांची पाकिटं आणि पाणी शिरलेला ग्रीसचा डबा मात्र सरळ टाका.

शटर उचलून अंधारात आत शिरणं. आपल्या नदीत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीत येतात, आणि साप तर कोपऱ्या-कोपऱ्यात असतात. आधी टॉर्च, मग लांब काठी, पायात गमबूट, हातात मोजे. मगर दिसली तर शटर ओढा आणि वनखात्याला फोन करा. तो चिखल गटाराचा असतो. पायावर जखम असेल तर त्यात उतरू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचं आवर्जून सांगा.

पाऊस थांबला म्हणून माल परत खाली उतरवणं. विश्वामित्री पावागडाकडून येते आणि आजवा तलावाचं पाणीही तिच्यातच सुटतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरचं पाणी मागाहून पोचतं. आजव्याची आणि काळा घोड्याची पातळी उतरायला लागली, हे कळल्याशिवाय आमच्याकडे एक टायरही रॅकवरून खाली येत नाही.

शेवटची गोष्ट दुकानदारांसाठी. पुरानंतर ज्यांचं पोट सायकलवर आहे त्यांची कामं आधी घ्या: पेपरवाले, दूधवाले, कामावर जाणाऱ्या बायका, रात्रपाळीचे वॉचमन. गिअरवाल्या महागड्या सायकलींचे मालक फोन करत राहतात, त्यांना चार दिवस थांबायला स्पष्ट सांगा. बहुतेक जण ऐकतात. फक्त त्यांच्या सायकलींच्या सीटा काढून, फ्रेम उलट्या टांगून ठेवा. आणि दुरुस्त करून दिलेली प्रत्येक सायकल पंधरा दिवसांनी परत बोलवा. कोन पुन्हा एकदा ताणायला लागतात आणि कुठे गाळ राहिला असेल तर तो तेव्हाच आवाजावरून कळतो. या दुसऱ्या खेपेचे पैसे आम्ही घेत नाही.