सही करता काय नाय, तां आधी सांग

माझ्या पहिल्या कादंबरीची सुरुवात मला फार आवडत होती. लग्न होऊन पनवेलला गेलेली बहीण कोकण रेल्वेने सावंतवाडीला येते, भावांबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात जाते, वडिलोपार्जित घराच्या हक्कसोडपत्रावर सही करायला पेन उघडते आणि पुन्हा टोपण लावून म्हणते, "आज नको." प्रकरण संपतं. पुढची चार प्रकरणं आजोबांनी ते घर कसं बांधलं याची होती. चिरे कुठून आणले, पडवी कधी वाढवली, विहिरीला पाणी किती खोल लागलं. सगळं मन लावून लिहिलेलं.

हस्तलिखित मावशीला वाचायला दिलं. पंधरा दिवसांनी गेले तर खूण सत्तेचाळिसाव्या पानावरच. ती म्हणाली, "गो, ती सही करता काय नाय, तां आधी सांग."

मी त्यातून चुकीचा धडा घेतला. वर्णनं जास्त झाली म्हणून चाळीस पानं काढून टाकली, प्रकरणं आखूड केली, प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी धक्का ठेवला. मावशीने या वेळी भराभर वाचून संपवलं, पण घर हातचं जातं तिथे तिला काहीच वाटलं नाही. ज्या घरात वाचक चार दिवस राहिलाच नाही, ते गेल्याचं दुःख त्याला का व्हावं?

खरी अडचण होती ती माझ्या प्रश्नाची. 'हिने सही का केली नाही?' हा प्रश्न मीच वाचकाच्या हातात दिला होता आणि पान उलटताच विसरले होते. तो प्रश्न जागा असेल तर वाचक चिऱ्यांबद्दल, विहिरीबद्दल आवडीने वाचतो. तिसऱ्या खर्ड्यात कापलेली बहुतेक पानं परत आली, पण या वेळी ती बहिणीच्या हातून आली. रात्री झोप येईना म्हणून ती माजघरातली ट्रंक उघडते. तिला चिऱ्यांच्या पावतीबरोबर आजीच्या पाटल्या गहाण ठेवल्याची चिठ्ठी सापडते. म्हणजे घराला पहिला पैसा एका बाईचा लागला होता. माहिती तीच, पण आता तिच्यात न झालेल्या सहीचं अर्धं उत्तर होतं. मावशी तो भाग एका बैठकीत वाचून उठली.

उत्कंठा म्हणजे फक्त 'पुढे काय होणार' असं नवीन लिहिणाऱ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. मग मी रणजित देसाईंची 'स्वामी' पुन्हा वाचली, या वेळी लिहिणाऱ्याच्या नजरेने. थोरले माधवराव 1772 साली थेऊरला ऐन तारुण्यात गेले, हे मराठी वाचक शाळेपासून जाणतो. तरीही 1962 पासून लोक ती कादंबरी वाचत आले आहेत. इथे वाचक शेवट कळावा म्हणून येत नाही. हे कसं घडलं, त्या माणसांच्या मनात काय चाललं होतं, हे त्याला हवं असतं. माधवराव आणि रमाबाई दोन घटका निवांत बोलतात तेव्हा त्या निवांतपणावरही थेऊरची सावली असते. गती तिथे मंदावते आणि वाचक मात्र अधिकच गुंततो. रहस्यकथेच्या वाचकाचं तसं नाही. शंभर पानं गेली तरी गुन्हाच घडला नाही, तर तो पुस्तक मिटणार आणि त्याचं बरोबरच आहे. आपण कोणाला घरात बोलावलंय, हे सुरुवातीच्या दहा-बारा पानांतच ठरून जातं.

दुसरी मोठी चूक शेवटाकडे झाली. सहीचा प्रसंग मी अर्ध्या पानात उरकला होता. तीन वर्षं तो डोक्यात घोळवल्यामुळे मला तो शिळा झाला होता, पण वाचक तर तीनशे पानं त्याचीच वाट बघत होता. मावशीने पान उलटून मागे पाहिलं, पुढचं पान कुठे निसटलं की काय म्हणून. आता तो प्रसंग अकरा पानांचा आहे. कार्यालयातला पंखा, बाकावर शेजारी बसलेले भाऊ, अंगठ्याला लागलेली शाई. मधली दोन वर्षं मात्र एका परिच्छेदात गेली आणि कोणाला त्यांची उणीव भासली नाही.

हस्तलिखित वाचायला देताना 'कसं वाटलं?' असं मी आता विचारत नाही. आपली माणसं मन राखून 'छान आहे' म्हणतात. मी सोबत पेन्सिल देते आणि सांगते, वाचताना जिथे उठलात तिथे फक्त एक रेघ मारा, चहासाठी का असेना. एकाची रेघ कुठेही पडेल, तिचं काही मनावर घ्यायचं नाही. तिघांची एकाच पानावर पडली तर मी तिथून दहा पानं मागे जाते. वाचक उठतो त्या पानावर दोष क्वचितच सापडतो, त्याचा प्रश्न त्याआधीच कुठेतरी विझलेला असतो.

नव्या कादंबरीच्या खर्ड्यात सध्या अशा तीन रेघा एकशे बाराव्या पानावर आहेत. मी एकशे दोनपासून पुन्हा लिहायला घेतलं आहे.