पहिल्यांदाच मित्रांबरोबर गवा बघायला जंगलात जायचंय? प्लॅन असा करा

युट्यूबवर अमेरिकेतल्या कोलोराडो, मॉन्टानाकडचे एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीचे व्हिडिओ बघितले की आपल्याकडच्या पोरांनाही तसलं काहीतरी करावंसं वाटतं, चार मित्र, पाठीवर बॅगा, दोन-तीन दिवस डोंगरात, मोबाईलला रेंज नाही. वाटणारच. पण एक गोष्ट आधीच क्लियर करूया, आपल्याकडे शिकार बंद म्हणजे बंद. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, गवा त्यात शेड्युल १ मध्ये येतो, मारलात तर ३ ते ७ वर्षं जेल. "आम्ही फक्त डुकरासाठी जातो" असं सांगणारा कोणीतरी तुमच्या ओळखीत निघेलच, त्याच्याबरोबर जाऊ नका, बंदूक असलेल्या गाडीत बसूसुद्धा नका.

मात्र त्या व्हिडिओंमध्ये शिकारीच्या आधीचं जे सगळं असतं, म्हणजे महिनोन् महिने नकाशे बघणं, जनावर कधी चरतं कुठे बसतं ते शिकणं, वारा बघून चालणं, ते सगळं आपल्याला दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन गव्यासाठी करता येतं. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी आहे. एल्कचा नर साधारण ३००-३५० किलोचा, आपल्या गव्याचा पूर्ण वाढलेला नर १००० किलोपर्यंत जातो. काळाभोर, पाठीवर उंच वशिंड, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. असं जनावर आपल्या सांगे-काणकोणात मोकळं फिरतंय आणि आपण ते फोटोतच बघायचं, हे काही बरोबर नाही.

आता प्लॅन. बहुतेक ग्रुप असं करतात की शनिवारी दूधसागर, रविवारी सकाळी तांबडी सुर्लाचं देऊळ, मधे वेळ मिळाला तर गवा. असा गवा दिसत नाही. जनावर ठरवा आणि त्याच्या दिवसाभोवती तुमचा दिवस बसवा. गवा पहाटे आणि संध्याकाळी चरायला उघड्यावर येतो, ऊन तापलं की दाट झाडीत जाऊन बसून रवंथ करतो, आणि जिथे माणसांचा त्रास जास्त तिथे तर रात्रीच बाहेर पडतो. म्हणजे तुमच्या कामाचे तास किती, तर सकाळचे दोन-अडीच आणि संध्याकाळचे दीड-दोन. बाकी दिवस झोपा, नदीवर बसा, पक्षी बघा, काय हवं ते करा, पण ते तास सोडायचे नाहीत. दोन रात्री तरी मुक्काम ठेवा, एका रात्रीत जागा कळेपर्यंतच परतायची वेळ होते.

कुठे जायचं? पहिल्यांदा जाताय तर माझं मत खोतीगाव अभयारण्य. काणकोणात आहे, ८६ चौरस किमी, काणकोणच्या चावडी गावावरून कारवारच्या बाजूला निघालं की हायवे सोडून थोडं आत, कदंबच्या सरकारी बसनेसुद्धा फाट्यापर्यंत पोचता येतं. वाटा फार चढाच्या नाहीत, वनखात्याची राहायची सोय आहे आणि पाणवठ्याजवळ मचाण आहे, मचाण चढायच्या स्थितीत आहे का ते मात्र आधी विचारून घ्या. फोंड्याकडून येणाऱ्यांना मोले सोयीचं, पण दूधसागरची गर्दी आणि जीपगाड्या त्याच बाजूला, त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत तिथे शांतता मिळणं कठीण. नेत्रावळी मोठं आणि सुंदर, पण गावातल्या माणसाशिवाय आत शिरू नका, वाटा फुटत जातात आणि मोबाईलला रेंज नसते. सत्तरीतलं म्हादई मी पहिल्या ट्रिपला कोणालाच सांगत नाही, घाटाचे चढ आहेत, २०१५ पासून त्या भागात माकडतापाची (गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाची) साथ येते, आणि वाघांचा वावर आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला विष घालून मारलेले चार वाघ सापडले होते, गोव्याच्या जंगलाला लागलेला तो मोठा डाग आहे आणि तिथे परवानगीशिवाय फिरताना दिसलात तर वनखात्याची माणसं संशयाने बघणार, आणि बघायलाच हवं.

परवानगी चारही ठिकाणी लागते. वनखात्याच्या रेंज ऑफिसला स्वतः जा किंवा फोन करा, किती जण, किती दिवस, कुठली वाट, सगळं खरं सांगा, गेटाच्या वेळा विचारा, कॅमेऱ्याची फी वेगळी असते ती विचारा. जंगलात स्वतःचा तंबू ठोकून राहणं, चूल पेटवणं हे डोक्यातूनच काढून टाका. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या बाजूला डोंगरच्या डोंगर जळत होते ते सगळ्यांनी पाहिलंय. मुक्काम कॉटेजीत नाहीतर गावातल्या एखाद्या घरी, आणि तिथून पहाटे निघायचं.

सिझनचं म्हणाल तर पावसात नको. ओहोळ तासाभरात चढतात, जळवा असतात, आणि धबधब्यांवर जायला बंदी घालतात ती उगाच नाही. नोव्हेंबरात हिरवंगार असतं पण गवत उंच, गवा दहा पावलांवर उभा असला तरी दिसणार नाही. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो, पानं गळलेली, पाणी थोड्याच ठिकाणी उरलेलं, त्यामुळे जनावर कुठे येणार याचा अंदाज बांधता येतो. पुढे काजूच्या दिवसांत गवे बोंडू खायला बागायतीत उतरतात, तेव्हा दिसतात सोपे, पण लोक तिथे काम करत असतात आणि बिथरलेला गवा त्यांच्या अंगावर जातो, म्हणून फोटोसाठी बागायतीत जाऊन त्याला हुसकावू नका.

ग्रुप चारचा ठेवा. सहा झाले की कोणीतरी बोलतंच. आणि निघायच्या दोन आठवडे आधी एकदा समोरासमोर बसा, व्हॉट्सॅपवर नाही, आणि प्रत्येकाला विचारा की बाबा तुला नेमकं काय पाहिजे. एकाला फोटो पाहिजे, एकाला फक्त मोकळी हवा, एकाला रात्री बाटली उघडून बसायचंय. हे आधी कळलं तर वाट काढता येते, जंगलात कळलं की भांडण होतं आणि जुनी दोस्ती तुटते, मी तुटलेली बघितली आहे. दारूचं स्पष्ट ठरवा, आत अजिबात नाही आणि आदल्या रात्रीही नाही, कारण पहाटे साडेचारला उठायचंय. पैसे एकाकडे, वेळ आणि नकाशा एकाकडे, औषधांची पिशवी एकाकडे, खाणं एकाकडे. आणि एक नियम सगळ्यांनी कबूल करायचा, चौघांतला कोणीही एक जण "परत जाऊया" म्हणाला की सगळे परत, कारण विचारायचं नाही, नंतर टोमणे मारायचे नाहीत. सगळ्यात हळू चालणारा पुढे, त्याच्या वेगाने बाकीचे.

तयारी महिनाभर आधी सुरू करा. जिममध्ये कितीही वजन उचलत असाल तरी डोंगर उतरताना गुडघे वेगळेच बोलतात. पारोड्याच्या चंद्रनाथाचा डोंगर आठवड्यातून दोनदा पाठीवर पाच-सहा किलो घेऊन चढा-उतरा, पणजीत असाल तर आल्तिनोच्या पायऱ्या. जे बूट घालून जाणार तेच घालून. नवीन बूट थेट जंगलात घातले की फोडांनी पहिल्याच दिवशी ट्रिप संपते.

वाटाड्या घ्याच. वनखात्याकडून मिळाला तर उत्तम, नाहीतर त्यांच्याच ओळखीने गावातला वेळीप, गावकर किंवा धनगर कोणीतरी. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका, त्याचा अख्खा दिवस जातोय. देवराय लागली आणि तो चप्पल काढ म्हणाला तर काढा, तिथलं पानही तोडू नका. त्याला "गवा दिसेल का" हे विचारून काही उपयोग नाही, "हल्ली पाण्यावर कुठे येतात, उन्हात कुठे बसतात, काल शेण कुठे बघितलंस" असं विचारा, मग तो खुलतो.

शेण आणि पाऊल वाचायला शिका, ही अर्धी मजा आहे. गव्याचा खूर गावच्या गुरासारखाच दुभंगलेला पण बराच मोठा, आणि वजनामुळे ओल्या मातीत खोल रुतलेला. खुराची कड धारदार आहे, आत माती अजून ओली दिसतेय, म्हणजे ताजा. कड ढासळली, आत पालापाचोळा पडला, कोळ्याने जाळं विणलं, म्हणजे जुना. शेणाचंही तसंच, वरून चकचकीत आणि माश्या घोंगावतायत तर जनावर लांब गेलेलं नाही, वर साय धरल्यासारखी कड आली तर काल-परवाचं. ताजं शेण दिसलं की तिथेच थांबा, बोलणं बंद, पाच मिनिटं नुसतं ऐका. बांबू मोडल्याचा कडकडाट येतो, कधी नाकाने जोरात फुस्स केल्याचा आवाज येतो. तो फुस्स आला म्हणजे त्यांना तुमचा सुगावा लागलाय.

आणि सुगावा लागतो तो बहुतेक वासाने. गव्याची नजर तितकी तेज नाही, नाक जबरदस्त. म्हणून वारा. एल्कवाले शिकारी खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर हवेत सोडून बघतात, आपण तेच करायचं, टाल्कम पावडर नको कारण वास येतो, घरातली चुलीची राख चाळून घ्या. पहाटे गार हवा डोंगरावरून खाली वाहते, म्हणून पहाटे खालून वर चाला, वरच्या जनावराला तुमचा वास जात नाही. सूर्य वर आला, उतार तापला, की हवा उलटी खालून वर चढायला लागते, तेव्हा तुम्ही खाली असाल तर वरच्या कळपाला तुमचा पत्ता लागलाच म्हणून समजा. ही उलटापालट साधारण नऊच्या आसपास होते आणि राख सोडली की डोळ्यांना दिसते, आधी पायाकडे जाणारी राख मिनिटभर तिथेच घोटाळते आणि मग वर जाते. तेव्हा थांबायचं आणि परत फिरायचं. डिओ, अत्तर, वासाचं साबण, सिगरेट सगळं बंद, आणि भाजलेला सुका बांगडा मुक्कामावरच खा, रात्री पेजेबरोबर, पहाटे कपड्यांना त्याचा वास घेऊन निघू नका.

गवा दिसला की काय करायचं हेही आधी ठरवा, कारण तेव्हा डोकं चालत नाही. कळप असेल तर मागे रहा, १०० मीटर तरी. तांबूस-सोनेरी वासरू दिसलं तर आणखी लांब. एकटा काळा नर असेल तर सगळ्यात जास्त सांभाळून. तो तुमच्यासमोर आडवा उभा राहिला, मान खाली, पाठ फुगवून आपला आकार दाखवतोय, तर तो पोझ देतोय असं समजून फोटो काढत बसू नका, ती ताकीद आहे. पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका, मधे जाडसर झाड येईल असं बघा, पळू नका, ओरडू नका, फ्लॅश तर कधीच नाही.

बॅगेत काय हे थोडक्यात, माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, हेडलाईट आणि जादा सेल, शिट्टी, चाकू, ८ बाय ४२ ची दुर्बीण एक असली तरी चौघांना पुरते, ऑफलाईन नकाशा डाऊनलोड केलेला फोन आणि पॉवरबँक, मातकट रंगाचे फुल बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली. खायला चणे-गूळ, केळी, चपाती-भाजी, उंडे (आपले गोल पाव) नेलेत तरी चालतील. रॅपर, बाटल्या सगळ्या परत आणायच्या.

घरच्या एका माणसाला लिहून द्या की कुठल्या गेटातून गेलोय, वाटाड्या कोण, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर रेंज ऑफिसला आणि ११२ ला कळवायचं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, तो अवयव न हलवता फळीसारखा धरून माणसाला उचलून बाहेर आणायचं आणि १०८. खोतीगावातून आधी काणकोणचं आरोग्य केंद्र, मग मडगावचं जिल्हा हॉस्पिटल किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). मांत्रिकाकडे अर्धा तास घालवला तर तो अर्धा तास परत मिळत नाही. आपल्याकडे नाकाड्या चापड्यासारखे साप आहेत ज्यांच्यावर नेहमीची लस चालत नाही, म्हणून लांबून साप दिसला तर फोटो काढून ठेवा पण मारायला किंवा पकडायला जाऊ नका.

घरी आल्यावर लगेच कपडे गरम पाण्यात टाका आणि एकमेकांच्या माना, काखा, कानामागे, जांघा बघा, गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी पण असते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका, रॉकेल लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत जोराचा ताप, डोकं, कंबर दुखणं असं काही झालं तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी अमुक तारखेला अमुक जंगलात होतो, म्हणजे तो माकडतापाची टेस्ट करायचं डोक्यात ठेवेल.