सूचक केंद्रात नाव नोंदवण्याआधी

वधू-वर सूचक केंद्रात फी भरण्याआधी संचालिकाबाईंना विचारा, लग्न ठरलेल्यांची स्थळं फायलीतून कधी काढता? जुनी स्थळं तशीच पडून असली की निम्मे फोन ‘आमचं जमलं हो’ ऐकण्यातच जातात. नोंदणीची मुदत आणि लग्न ठरल्यावर वेगळी रक्कम द्यायची का, हे पावतीवर लिहून घ्या; तोंडी ‘बघू नंतर’ नको. फॉर्मात ‘अपेक्षा : अनुरूप’ लिहिलंत तर बाईंनी निवडायचं कशावरून? त्यापेक्षा ‘पुणे किंवा नाशिक, वयात ४ वर्षांपर्यंत अंतर, नोकरी सोडणार नाही’ असं स्पष्ट लिहा. स्थळ नाकारलंत तर खरं कारण केंद्राला कळवा. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून वेळ मारून नेलीत, तर पुढचं स्थळही त्याच वळणाचं येतं.