एकट्या वकिलाचं ऑफिस: आधी एकच वही, मग ॲप

गोव्यात डिचोलीला माझं वकिलीचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक कपाट, एक क्लार्क आणि आठवड्यातून तीन दिवस येणारी ज्युनियर. २०१९ च्या चवथीआधी एका दाव्याची तारीख माझ्या डायरीत २७ ऑगस्ट होती, क्लार्कच्या डायरीत २१. माझ्याच घाईच्या अक्षरातला एक सातासारखा दिसला होता. २१ ला आमच्याकडून कुणी हजर नव्हतं, दावा एकतर्फी, म्हणजे आम्हाला न ऐकताच, चालवायचा हुकूम झाला. पुढच्या तारखेला अर्ज देऊन तो मागे घेतला गेला, खर्च मी माझ्या खिशातून भरला. पण अशिलाच्या आईनं पायरीवर बसून "बाय, घर गेलं काय गो आमचं?" असं विचारलं, ते काही भरून निघालं नाही.

म्हणून नवखे वकील "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ" असं विचारतात, तेव्हा मी आधी विचारते, तुमच्याकडे तारखा किती ठिकाणी लिहिल्या जातात? उत्तर एकापेक्षा जास्त असेल तर सॉफ्टवेअर घेऊ नका, त्यानं फक्त आणखी एक जागा वाढेल.

माझी एकच गूगल शीट आहे. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: सीएनआर क्रमांक, कोर्ट, पक्षकार, पुढची तारीख, कशासाठी आणि शेवटची मुदत. सीएनआर म्हणजे ई-कोर्ट्सचा, कोर्टांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेचा, सोळा अक्षरांचा क्रमांक. दाव्याचा नंबर दोन कोर्टांत सारखा असू शकतो, हा नसतो. संध्याकाळी पंधरा मिनिटं क्लार्क ई-कोर्ट्सच्या ॲपमधून तारीख वाचतात, मी शीटमध्ये बघते. एक वाचतो, दुसरा बघतो; एकट्यानं करायचं नाही. ॲपमध्ये तारीख चढायला कधी उशीर होतो, म्हणून कोर्टात ऐकलेली तारीख तिथल्या तिथे फोनवर टाकायची आणि रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद, आला की पडताळायची.

‘शेवटची मुदत’ हा रकाना ‘पुढच्या तारखे’पासून वेगळा का, तर बरेच जण कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, मुदत पुढच्या तारखेवरून मोजतात. ती समन्स बजावल्याच्या दिवसापासून चालते: तीस दिवस, कोर्टानं कारणं नोंदवून वाढवली तर नव्वदपर्यंत. व्यापारी दाव्यात एकशेवीस, आणि त्यानंतर दार बंद. म्हणून बजावणीची तारीख अशिलाला पहिल्याच भेटीत विचारायची, पाकीट मागून घ्यायचं.

आता आपल्याकडचा खास घोळ, नावांचा. प्रकरण घेण्याआधी विरुद्ध बाजूचं कुणी आपलं जुनं अशील आहे का, हे बघणं भाग आहे, कारण आमच्या गावांत मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) एका बाजूला, भाटकार (त्या जमिनीचा मालक) दुसऱ्या बाजूला आणि दोघांचीही कागदपत्रं कधीतरी माझ्या टेबलावर येऊन गेलेली. इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत मिळकत वाटायच्या कोर्टातल्या कामात, तर वारसांबरोबर त्यांचे नवरे-बायकाही पक्षकार होतात, संपत्तीत त्यांचा वाटा असतो म्हणून. पाच भावंडांचं प्रकरण बघता बघता वीस नावांचं होतं, त्यातली चार लिस्बन-लंडनमध्ये. आणि नावांचं स्पेलिंग! पोर्तुगीज काळच्या दस्तात शेट एक्सनं सुरू होतो, नाईकच्या शेवटी क्यूयूई येतो. कॉम्प्युटरमध्ये आजचं इंग्रजी स्पेलिंग शोधलं तर जुना माणूस सापडतच नाही. म्हणून माझ्या नावांच्या यादीत एक रकाना देवनागरी उच्चाराचा आहे. शोध त्यावरच घेते. एवढी एक सवय लावलीत तरी वकालतनामा (वकीलपत्र) परत करायची नामुष्की टळेल.

फोटो, चॅट असा इलेक्ट्रॉनिक पुरावा आला की मी दिरंगाई करत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. असा पुरावा द्यायचा तर त्याखालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, पहिला भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. एसएचए-२५६ ही पद्धत निवडलात तर चौसष्ट अक्षरांचा. एक ठिपका बदलला की सगळा ठसा बदलतो. गंमत तिथेच आहे: अशील व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, म्हणजे तुमच्याकडे आलेली फाइल मूळ राहतच नाही. मी सांगते, फोन घेऊनच या, नाहीतर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आली की न उघडता आधी हॅश काढायची (विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही), ती लिहून ठेवायची, आणि कामासाठी वेगळी प्रत करायची. फोन विकू नका, रीसेट करू नका, हेही लेखी कळवायचं. एका अशिलानं भाच्याला फोन देऊन टाकला होता, तेव्हापासून मी हे तोंडी सांगणं सोडलं.

फाइलींना नाव देताना वर्ष आधी: २०२५-०७-१४ पावती. मग त्या आपोआप क्रमानं लागतात. स्कॅन आतला मजकूर शोधता येईल असाच करा. हाती लिहिलेल्या पोर्तुगीज दस्तांवर ते चालत नाही, त्यांना नावच नीट द्या.

बॅकअप तीन जागी, त्यातली एक ऑफिसबाहेर. जुलैत वीज गेली-आली की डिस्क जातात, आणि कपाटातल्या कागदावर बुरशी चढते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही फाइल उघडून बघते. उघडली नाही तर तो बॅकअप नव्हे.

अशिलाचे पैसे वेगळ्या हिशेबात, पावती त्याच दिवशी. यावर जास्त बोलायची गरज नाही.

एआयकडून मसुदा घ्या हवा तर, पण अशिलाचं नाव-गाव त्यात टाकू नका आणि निवाडा मूळ संकेतस्थळावर उघडल्याशिवाय उद्धृत करू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना बनावट निवाडे दिल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत, आळसाला सबब उरत नाही.

राहिलं एक. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं मी बारा दिवस झोपून होते. म्हापशाच्या वकील मैत्रिणीचं नाव माझ्या प्रत्येक वकालतनाम्यावर असतं, माझं तिच्या. पासवर्डांचं बंद पाकीट एकमेकींच्या कपाटात असतं. शीट बघायची परवानगी तिला आधीच दिलेली होती. आजारपणाच्या चौथ्या दिवशी तिनं फोन केला, "कैफियत घातली. झोप तू."