दुसरा रकाना: बिऱ्हाड दुबईला हलवण्याआधीचा हिशोब

खालच्या वाडीतली एक सून येत्या मार्चअखेर दोन मुलांना घेऊन नवऱ्याकडे दुबईला जायची आहे. गेल्या आठवड्यात भर पावसात छत्री सावरत आली आणि म्हणाली, "वहिनी, तुमची ती खर्चाची वही द्या ना, झेरॉक्स काढून लगेच परत आणते." मी चहा दिला, वही दिली नाही. माझे आकडे जून २०२२ चे, मी स्वतः बिऱ्हाड घेऊन दुबईला गेले तेव्हाचे. तेव्हा दिरहॅमला, म्हणजे तिथल्या चलनाला, एकवीस रुपये पडत होते, जुलै २०२५ मध्ये तेवीसच्या वर गेले, आणि भाडी तर कुठच्या कुठे गेली. आकडे उतरवून काही होत नाही. वही कशी लिहायची ते सांगते म्हटलं, तेच इथे लिहून ठेवतेय. पावसजवळच्या घराच्या पडवीत बसून, मुलांच्या सुट्टीत.

मी रत्नागिरीच्या एका पतसंस्थेत अकरा वर्षं कॅशियर होते. आकड्यांची मला भीती नाही. तरीही निघण्यापूर्वी मी केलेला हिशोब साफ चुकला. कागदावर महिना साडेतीन हजार दिरहॅम शिल्लक दिसत होते. प्रत्यक्षात पहिल्या ऑक्टोबरात नवऱ्याने मित्राकडून उसने आणले.

चूक बेरजेत नव्हती. इथे माझा घरखर्च महिना अठरा हजार रुपये होता, आणि त्याच घरात आम्ही बाजारभावाने सत्तावीस हजारांचं खात-वापरत होतो. मधले नऊ हजार मी कधी लिहिलेच नव्हते, कारण ते खिशातून जात नव्हते. रोजचा एक नारळ आगरातला. तांदूळ खाचरातला, निदान सात-आठ महिन्यांचा. सोलं, कुळीथ, फणसाची भाजी, शेवग्याच्या शेंगा. दीर मिरकरवाडा बंदरावर कामाला, त्यामुळे आठवड्यातून दोनदा मासळी. धाकटी शाळेतून आली की सासूबाईंकडे. थोरल्याचं गणित चुलतसासऱ्यांकडे. ताप आला तर शेजारच्यांची रिक्षा, आणि ते पैसे घ्यायचे नाहीत.

म्हणून पहिलं काम हे. निघायच्या आधी निदान तीन महिने साध्या दोनशे पानी वहीत दोन रकाने पाडा. पहिल्यात पैसे देऊन आणलेलं. दुसऱ्यात पैसे न देता वापरलेलं, त्या दिवशीच्या रत्नागिरीच्या बाजारभावाने. सासूबाई बघून हसल्या होत्या: "अगो, घरच्या नारळाचे कसले पैसे लिहितेस? माडाला पगार देणार आहेस काय?" माणसांच्या मदतीचेही तास लिहा. त्याला भाव लावता येत नसेल तर नुसते तास. माझ्या वहीत सासूबाईंचे दिवसाला चार तास निघाले. तिथे ते चार तास मलाच द्यावे लागले आणि पहिलं सव्वा वर्ष मला नोकरी धरता आली नाही. म्हणजे माझा इथला पगारही त्या हिशोबातून गेला. बाई नोकरी सोडून जाणार असेल तर ती रक्कम पहिल्याच ओळीत वजा करून मगच पुढे लिहा. नवऱ्याच्या पगाराचा आकडा ऐकून सगळे ही ओळ विसरतात.

आता तिकडची बाजू. रुपयांत हिशोब करू नका. दिरहॅम अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, डॉलरला ३.६७२५, आणि कित्येक वर्षं तो तिथून हललेला नाही. हलतो तो आपला रुपया. पगारही दिरहॅममध्ये, खर्चही दिरहॅममध्ये, तर वहीही दिरहॅममध्येच ठेवा. रुपयाचा भाव फक्त घरी पाठवायच्या रकमेला लावायचा. पहिले दोन महिने मी कोथिंबिरीच्या जुडीलाही एकवीसने गुणत होते. त्याने बचत काही होत नाही, नुसती जेवणावरची वासना उडते.

भाड्याचं नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्यासारखं दर महिन्याला भाडं असं तिथे सहसा नसतं. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. कोणी एकच मागतो, कोणी दोन, चार, सहा. चेक जितके कमी, तितकी मालकाशी घासाघीस करायला जागा. आमची दुबईच्या अल कुसैस भागातली एक बेडरूमची जागा वर्षाला ४२,००० दिरहॅमला ठरली, चार चेकमध्ये. शिरायच्या आठवड्यात काय काय गेलं ते सांगते: पहिला चेक १०,५००, अनामत पाच टक्के म्हणजे २,१००, एजंटची दलाली पाच टक्के, तीही २,१००, वीज-पाण्याची अनामत २,०००, आणि करार नोंदवायचे, ज्याला तिथे इजारी म्हणतात, २२०. झाले १६,९२०. तेव्हाच्या भावाने साडेतीन लाखांच्या वर, आणि घरात अजून गादीसुद्धा नव्हती. फर्निचरसकट जागा घेतलीत तर अनामत बहुधा दहा टक्के धरतात. शिवाय चेकबुक हवं म्हणजे बँकेत खातं हवं आणि खात्याला एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, हवं. तेव्हा नवऱ्याने आधी जाऊन हे उरकावं, मग बिऱ्हाड न्यावं.

चेकच्या तारखा मी आगोटीसारख्या धरते. जूनमध्ये पाऊस येणार हे माहीत असतं म्हणून मे महिन्यातच सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा भरून ठेवतो ना, तसंच. आमचे चेक जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. पगार झाला की पहिल्याच दिवशी ३,५०० दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि ते खातं आहे हे विसरायचं. एक चेक परत गेला तर कटकट मोठी.

वीज-पाण्याच्या खात्याचं नाव तिथे 'देवा'. मी फोनवर सासूबाईंना सांगितलं, "देवाला महिना सहाशे जातात." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "एवढे? इथल्या देवाला पाचशे एक दिले तर तुझा नवरा कुरकुरतो." त्या बिलात नुसती वीज नसते. वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के घरपट्टी बारा हप्त्यांत तिथेच लावतात. आमची महिना १७५. एसीचं बिल देवात येतं की थंड हवेच्या वेगळ्या कंपनीचं, हे जागा बघतानाच विचारा. ते 'चिलर' म्हणतात. चिलर फ्री म्हणजे ते मालकाकडे. जानेवारीचं बिल बघून वर्षाचा अंदाज बांधू नका. जुलै-ऑगस्टात ते जवळजवळ दुप्पट होतं.

शाळेबद्दल आमची पुरती फजिती झाली, ती तुमची होऊ नये. आपल्याकडे शाळा जूनला सुरू होतात म्हणून आम्ही जूनमध्ये गेलो. तिथल्या इंडियन शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि जुलै-ऑगस्ट सुट्टी असते. म्हणजे तीन आठवड्यांसाठी गणवेश, पुस्तकं, प्रवेश फी, आणि मग दोन महिने दोन पोरं बंद घरात, बाहेर पंचेचाळीस डिग्री. मार्चअखेर जा, जमलं नाही तर ऑगस्टअखेर. दुबईत खाजगी शाळांवर केएचडीए नावाचं सरकारी खातं देखरेख करतं आणि प्रत्येक शाळेच्या फीचा तक्ता त्यांच्याकडे बघायला मिळतो. शाळेत फोन करण्याआधी तो बघा. फीच्या जोडीला बसही भारी. आमची दोघांची फी वर्षाला १५,००० आणि बस ६,०००. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर जागेचं भाडं दोन-तीन हजारांनी जास्त गेलं तरी परवडतं. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

इथून निघताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्या. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित करावे लागतात, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. आमच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव एका स्पेलिंगने आणि पासपोर्टवर दुसऱ्या. एका एजंटाने त्यापायी तीनदा पैसे घेतले. नावं आधी जुळवून घ्या, मग कागद हलवा.

विम्याचं थोडक्यात. नवऱ्याला कंपनी देते, पण बायको-मुलांचा विमा ज्याने त्यांना व्हिसावर आणलं त्याच्या गळ्यात. आम्हा तिघांचे वर्षाला २,७००. आमच्या पॉलिसीत दात आणि चष्मा नाही, म्हणून दोन्ही इथेच सुट्टीत उरकतो.

किराणा-मासळीला चौघांचे दीड हजार लागले. सगळ्यात चुकलेला अंदाज तोच, मी नऊशे धरले होते. नारळ केरळी दुकानात मुबलक, पण प्रत्येकाला पैसे, मग हात आपोआप आखडतो. आमटीला अर्धी वाटी खोबरं पुरतं हे मला तिथे समजलं. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटला मासळी ताजी मिळते. सुरमईला तिथे कनाद म्हणतात, पापलेट म्हणजे जुबैदी. भाव संध्याकाळी उशिरा उतरतो. आणि एक गोष्ट लाल शाईने लिहून ठेवा: खसखस बॅगेतून न्यायची नाही. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ते गमतीत घेत नाहीत. पुडी तर नकोच, पण आपल्या घरच्या मसाल्यात आणि करंज्यांच्या सारणातही ती असते. सासूबाई आता माझा मसाला वेगळा कुटतात आणि बरणीवर चुन्याने फुली काढतात.

मग पहिल्या वर्षाचा खरा महिना असा बसला. पगार १०,५००. भाडं ३,५००, देवा सरासरी ६००, इंटरनेट आणि दोन मोबाइल ५००, शाळा-बस १,७५०, किराणा-मासळी १,५००, मेट्रो-बस ४००, विमा २२५. राहिले २,०२५. इथेच बहुतेक जण थांबतात आणि खूश होतात. पण कोकणातल्या माणसाच्या दोन चुली असतात. आजोबा गिरणीत असताना मनिऑर्डर यायची, आता मोबाइलवर येते, इतकाच फरक. सासूबाईंची रक्तदाबाची औषधं, घरपट्टी, वीज, कलमांची फवारणी, पावसाआधी कौलं परतणं, शिमग्याची वर्गणी: महिना १,००० धरा, आणि हे वेगळ्या खात्यात. मी पतसंस्थेतली म्हणून सांगते, नवरा अनिवासी झाला की त्याचं इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेत जायचं तेव्हाच एनआरईही उघडा, तिकडची कमाई त्यात यावी.

आणि विमानाची तिकिटं. चौघांची वर्षातून एक फेरी ५,६००, म्हणजे महिना ४७०. शेवटी हातात ५५५ उरले. गणपतीला यायचं मनात असेल तर आधी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि शाळा २५ ला उघडणार, असं होतं. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे शाळा ऐन भरात. आमच्याकडे आता नवरा एकटा गणपतीला येतो आणि मी मुलांना घेऊन जुलैत. यावरून दरवर्षी भांडण होतं. ते बजेटमध्ये बसत नाही.

उरलेल्या ५५५ वर नाचू नका. तिथे आयकर कापत नाहीत, पण आपल्यासारखा पीएफही साठत नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांचा पगार, आणि तो मूळ पगार धरून, हातात येणारा नव्हे. आमच्या १०,५०० मध्ये मूळ पगार ५,५०० च होता. ऑफर लेटर आलं की ती ओळ आधी वाचायची. भाडंही वाढतं. दुबईत सरकारी भाडे निर्देशांकाप्रमाणेच वाढवता येतं, जास्तीत जास्त वीस टक्के, आणि मालकाने नव्वद दिवस आधी कळवायला हवं. आमचं तिसऱ्या वर्षी दहा टक्के वाढलं, ४६,२००. तोवर मला एका दवाखान्यात बिलिंगचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं होतं म्हणून निभावलं.

एवढं सगळं सांगून त्या सुनेला मी कोरी वही दिली. आज आठवड्याने ती दाखवायला आली. पहिला रकाना सुंदर अक्षरात भरलेला, गॅस, दूध, रिचार्ज, सगळं. दुसरा रिकामा.

"सोमवारी माशाची आमटी केलीस म्हणालीस, नारळ कुठला?"

"आमच्याच माडाचा."

"आणि तू इथे आहेस तर मुलं कोणाकडे?"

"आजीकडे," म्हणाली आणि पेन उघडलं.